बोर्ड गेला म्हणजे टीव्ही गेला नाही



"बोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. कंपनीचा माणूस हेच सांगतो, दुकानातला विक्रेता हेच सांगतो, आणि आता तर घरातली मुलंही हेच म्हणतात. गंमत म्हणजे असं सांगणाऱ्याने बहुतेक वेळा टीव्हीचं मागचं झाकण उघडलेलंच नसतं. डॉक्टरांनी पेशंटची नाडीही न बघता "आता काही खरं नाही" असं सांगितलं, तर आपण ऐकून घेऊ का? मग पंचवीस-तीस हजारांच्या वस्तूच्या बाबतीत का ऐकून घेतो?

मला आज स्पष्टच लिहायचं आहे. बंद पडलेला टीव्ही न तपासता टाकून देणं ही आपल्या घरांतली सवय पैशाच्या दृष्टीने मूर्खपणाची आहे आणि धर्माच्या दृष्टीने दोषाची आहे. ती थांबवणं आपल्या, म्हणजे घर चालवणाऱ्या बायकांच्या हातात आहे. यासाठी इंजिनिअर व्हावं लागत नाही. मी बी.कॉम. आहे, आणि मला जे समजलं ते तुम्हालाही समजेल.

आधी "बोर्ड" म्हणजे काय ते समजून घ्या

आपल्याला घाबरवायला "बोर्ड" हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण तो काय असतो ते आपल्याला कोणी सांगत नाही. आजच्या एलईडी टीव्हीच्या पोटात साधारण तीन गोष्टी असतात. एक पॉवर सप्लायचा बोर्ड. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो टीव्हीला लागेल तशी बारीक करून देतो. दुसरा मेन बोर्ड. केबल, डिश, पेन ड्राइव्ह, वायफाय या सगळ्यांकडून येणारं चित्र आणि आवाज तो सांभाळतो. तिसरा एक लहान बोर्ड, मेकॅनिक त्याला टीकॉन म्हणतात. तो पडद्याला कुठला ठिपका कसा उजळायचा ते सांगतो. काही मॉडेलमध्ये हे दोन-तीन बोर्ड एकाच पाटीवर असतात. आणि पडद्याच्या मागे प्रकाशासाठी बारीक एलईडींच्या पट्ट्या.

म्हणजे आपल्या स्वयंपाकघरासारखंच आहे. गॅस संपला, लायटर बिघडला किंवा बर्नरमध्ये कचरा अडकला, तिन्ही वेळा शेगडी पेटत नाही. पण लायटर बिघडला म्हणून आपण शेगडी भंगारात देत नाही. टीव्हीच्या बाबतीत मात्र नेमकं हेच करतो.

एकेका बोर्डावर शेकडो सुटे भाग असतात आणि बिघाड बहुधा एक-दोन भागांतच असतो. सगळ्यात जास्त बदनाम भाग म्हणजे कपॅसिटर, पॉवर बोर्डावर उभ्या दिसणाऱ्या छोट्या डब्या. त्यांच्या आत ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते हळूहळू सुकतं, आत वायू धरतो, आणि डबीचं वरचं सपाट टोपण फुगतं. ती फुगलेली डबी नुसत्या डोळ्यांना दिसते. पुऱ्या फुगल्या की नाही हे जिला कळतं, तिला हेही कळेल!

आता आपलं नागपूर आठवा. मे महिन्यात ४५-४६ अंश आपल्याला नवीन नाही. या डब्यांच्या बाबतीत जाणकारांचा एक ठोकताळा आहे की उष्णता दर १० अंशांनी वाढली की आयुष्य निम्मं होतं. आणि आपण काय करतो? टीव्ही लाकडी शोकेसमध्ये चारही बाजूंनी बंद करून बसवतो, किंवा भिंतीला असा चिकटवतो की मागे बोट जाणार नाही. मग पाच वर्षांत बोर्ड गेला की म्हणतो, "आजकालच्या वस्तू टिकतच नाहीत." काही वस्तू टिकत नाहीत हे खरं, पण काहींना आपण टिकूही देत नाही.

हिशेब करून बघा

माझा विषय कॉमर्स, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. तीस हजारांचा टीव्ही पाच वर्षांत टाकून दिला, तर तो वर्षाला सहा हजारांना पडला. त्याच टीव्हीवर पाचव्या वर्षी दोन हजार खर्च केले आणि तो आणखी चार वर्षं चालला, तर बत्तीस हजार भागिले नऊ, म्हणजे वर्षाला साधारण साडेतीन हजार. टीव्हीच्या वर्षाच्या खर्चातली चाळीस टक्के बचत! भाजीवाल्याशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. इथे वर्षाला अडीच हजार जातात आणि आपण हूं की चूं करत नाही.

"पण एक्स्चेंज ऑफर मिळते ना!" मिळते. दसरा-दिवाळीला जुन्या टीव्हीचे म्हणून जे दीड-दोन हजार कापून देतात, ते नव्याच्या किमतीत आधीच धरलेले आहेत का, हे एकदा तपासा. ऑफर नसताना त्याच मॉडेलची किंमत काय होती ते बघा. "शून्य टक्के व्याज" म्हणतात, त्यात प्रोसेसिंग फी किती आणि रोख दिल्यावर मिळणारी सूट किती बुडते तेही बघा. फुकट काही नसतं, हे व्यापारी समाजातल्या बायकांना मी सांगायला हवं का?

आमच्याच घरातलं सांगते. त्रेचाळीस इंची टीव्ही, सहा वर्षांचा. एके दिवशी लाल दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. कंपनीचा माणूस आला, भेटीची फी घेतली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "या मॉडेलचा बोर्ड येणं बंद झालं." वर एक्स्चेंजचा कागद पुढे केला. मी इतवारीतल्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण उघडून मलाच दाखवलं, "काकू, बघा, बोर्ड चांगला आहे. हे दोन कॅप तेवढे फुगून राहिले." दोन कपॅसिटरचे तीस रुपये, त्याची मजुरी सहाशे. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, टीव्ही चालू आहे.

त्या कंपनीच्या माणसावर माझा राग नाही. त्याला झाकण उघडून दोन डब्या बदलायचे पैसे मिळतच नाहीत. त्याला आख्खा बोर्ड बदलायला शिकवलंय आणि बोर्ड नसेल तर नवा टीव्ही विकायला. राग आहे तो ही व्यवस्था ठरवणाऱ्यांवर.

तिकडे मिळतं ते इथे का नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून नियम आहे. टीव्हीचं मॉडेल बाजारात आणणं बंद केल्यावरही कमीत कमी सात वर्षं पॉवर सप्लाय, कपॅसिटर, जोडण्या असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. तेही मागणी केल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत. फ्रान्समध्ये तर २०२१ मध्ये टीव्हीच्या किमतीशेजारी दहापैकी गुण लिहायला लागले, की ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे. म्हणजे बाईने दुकानात उभं राहून नुसतं पडद्याचं माप बघायचं नाही, दुरुस्तीचे गुणही बघायचे.

आता मला सांगा, जगभर टीव्ही विकणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच आहेत. तिथे त्या सात वर्षं भाग देतात. मग नागपुरात सहा वर्षांच्या टीव्हीला "बोर्ड येणं बंद झालं" हे उत्तर कसं? तिथे कायदा आहे आणि तिथले ग्राहक विचारतात. इथे आपण विचारत नाही, म्हणून ते देत नाहीत.

आपल्याकडे अगदीच काही झालं नाही असं नाही. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीच्या हक्का"साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या आणि घरातल्या टिकाऊ वस्तू अशी चार क्षेत्रं तिने घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी सरकारी पोर्टल सुरू झालं. २०२५ मध्ये आणखी एका समितीने दुरुस्तीच्या गुणांकनाचा अहवाल दिला, पण सुरुवात मोबाइल-टॅबलेटपासून सुचवली. टीव्हीची पाळी कधी येणार? आपण मागितल्याशिवाय येणार नाही.

आणि कंपन्यांना हलवता येत नाही असं कोणी म्हटलं, तर २०१४ ची गोष्ट सांगा. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड लावला होता. पुढे त्यावर अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण सुटा भाग अडवून ठेवणं हा अन्याय आहे, हे या देशात अधिकृतपणे म्हटलं गेलं आहे. गाडीच्या बाबतीत अन्याय, मग टीव्हीच्या बाबतीत "कंपनीची पॉलिसी"? वा!

टाकलेला टीव्ही जातो कुठे?

आपल्या दारातून गेला की प्रश्न मिटला असं आपल्याला वाटतं. कबाडीवाला शे-दोनशे देतो आणि घेऊन जातो. पुढे तो तांबं काढतो, ॲल्युमिनियम काढतो, आणि ज्याची किंमत येत नाही ते टाकून देतो. बोर्ड मात्र पुढे विकले जातात, कारण त्यांत तांब्यासोबत अगदी थोडं सोनं-चांदीही असतं. ते काढण्यासाठी बोर्ड उघड्यावर जाळतात, ॲसिडमध्ये बुडवतात. मुरादाबादला रामगंगेच्या काठी हे वर्षानुवर्षं चाललेलं अनेकांनी पाहिलं, छापून आणलं. त्या धुरात काय असतं? जुन्या बोर्डांच्या डाखातलं शिसं, प्लॅस्टिक जळून तयार होणारे डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ. आणि तो धूर छातीत घेणाऱ्यांत बायका असतात, मुलं असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नीट गोळा होऊन त्याचं रिसायकलिंग झाल्याची नोंद आहे. असा कचरा करण्यात चीन आणि अमेरिकेनंतर आपला देश तिसरा. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे नवे ई-कचरा नियम लागू आहेत, पण त्यांचा मुख्य भर कचऱ्याच्या रिसायकलिंगवर आहे. मला विचाराल तर हा उलटा क्रम आहे. वस्तू आधी दुरुस्त व्हावी, मग दुसऱ्याच्या उपयोगी पडावी, आणि अगदी शेवटी तिचा कचरा व्हावा.

आपल्या व्रतांचं काय?

आता थोडं घरचं बोलते. आपण पाणी गाळून पितो. चातुर्मासात पालेभाजी सोडतो. बटाट्याला हात लावत नाही, कारण एका कंदात अनंत जीव. दिगंबर असो की श्वेतांबर, श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडाचा त्याग आहे. ज्यातून कोणाचंच भलं नाही अशी निष्कारण हिंसा करू नये, एवढा साधा त्याचा अर्थ. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यातला एक प्रमादचर्या. गरज नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाड तोडणं हे सगळं त्यात येतं.

मग पंधरा रुपयांच्या डबीसाठी आख्खा टीव्ही टाकून नवा आणणं यात काय काय आलं ते मोजा. नव्या बोर्डाच्या तांब्यासाठी आणि कथिलासाठी जमीन खणली गेली. कारखान्यात पाणी गेलं, भट्टी पेटली. जुना जाळला गेला तो वेगळाच. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, सगळ्या काया आल्या! गरजेपोटी झालं असतं तर गृहस्थाला टळत नाही, असं तरी म्हणता आलं असतं. पण इथे गरजच नव्हती. हाच तर अनर्थदंड. बटाटा सोडला म्हणून हा दोष माफ होत नाही.

काही जणी म्हणतील, "टीव्हीच घरात नको, मग दुरुस्तीचा प्रश्नच कुठे?" ज्यांनी टीव्हीचा त्याग केला त्यांना माझं मनापासून वंदन. पण बाकीच्या घरांत तो आहे ना? काहींच्या तर दोन-दोन आहेत. ज्याचा त्याग केला नाही, त्याची काळजी घेणं तरी आपलं काम आहे.

आणि एक कडू गोष्ट. बंद टीव्ही कामवाल्या बाईला "घेऊन जा" म्हणून देणं आणि त्याला दान म्हणणं बंद करा. तिने तो रिक्षाने न्यायचा, दुरुस्तीला पैसे घालायचे, आणि नाही जमलं तर कबाड्याला द्यायचा. आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं, एवढंच झालं. द्यायचा असेल तर दुरुस्त करून, चालवून दाखवून द्या. मग ते दान.

घरी काय करायचं आणि काय नाही

"आपल्याला कसं जमणार, विजेचं काम आहे" असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावात बेअरफूट कॉलेज आहे. तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्यांना, आफ्रिकेतून आलेल्या बायकांनासुद्धा, सहा महिन्यांत सोलर दिव्यांचे सर्किट जोडायला शिकवलं आहे. डुंगरपूरच्या आदिवासी बायका सोलर दिवे तयार करतात. त्यांना डाख देता येतो आणि आपण पदवीधर बायका टीव्हीच्या मागे डोकावायलाही भितो?

मात्र भीती वेगळी आणि खबरदारी वेगळी. म्हणून नीट वाचा.

टीव्ही वॉरंटीत असेल तर काहीही उघडू नका, लेखी तक्रार करा. जुना डबा टीव्ही, म्हणजे काचेच्या मोठ्या नळीचा, कधीच उघडू नका. त्यात हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही राहू शकतात. एलईडी टीव्हीतही पॉवर बोर्डावर एक सगळ्यात मोठी डबी असते, तिच्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं. भिंतीतल्या २३० व्होल्टचे तिथे सव्वातीनशेच्या वर होतात. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहू शकते. तिला आणि तिच्या आसपास हात लावायचा नाही, पेचकस लावायचा नाही. ती बाजू मेकॅनिकचीच.

आता आपण काय करू शकतो ते क्रमाने.

१. आधी साधं बघा. दुसऱ्या सॉकेटमध्ये टीव्ही लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड, स्टॅबिलायझर, रिमोटचे सेल तपासा. सेट-टॉप बॉक्स काढून नुसता टीव्ही सुरू करा. कितीतरी "गेलेले" टीव्ही इथेच जिवंत होतात.

२. लाल दिवा बघा. लागतच नसेल तर पॉवर सप्लायचा संशय. ठराविक वेळा लुकलुकत असेल तर मोजून लिहून ठेवा. बऱ्याच कंपन्यांत तो बिघाडाचा इशारा असतो, मेकॅनिकला सांगा.

३. आवाज येतो पण चित्र नाही? खोलीत अंधार करा आणि टॉर्च पडद्याला तिरका लावून जवळून बघा. अंधूक चित्र हलताना दिसलं, तर पडदा चांगला आहे, फक्त मागचा प्रकाश गेला आहे. "पॅनल गेला" म्हणून जे सांगतात, त्यातले काही खरे या एलईडी पट्ट्यांचे बिघाड असतात. पट्ट्या बदलणं नाजूक काम आहे, पण नव्या टीव्हीच्या मानाने फार स्वस्त.

४. टीव्ही कंपनीच्या चिन्हावर अडकून राहतो? कधी कधी बोर्ड नाही, त्यातलं सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं. जाणकार मेकॅनिक पेन ड्राइव्हने ते पुन्हा भरतो.

५. उघडायचंच असेल, तर प्लग आणि सगळ्या वायरी काढून टीव्ही रात्रभर तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी उजेडात, जाड गादीवर पडदा खाली करून झाकणाचे स्क्रू काढा. लांबीप्रमाणे स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. कशालाही हात लावायच्या आधी मोबाइलने फोटो काढा. मग फक्त डोळ्यांनी बघा. फुगलेलं टोपण, तपकिरी जळका डाग, डाखाभोवती बारीक गोल तडा. दिसलं की फोटो मेकॅनिकला पाठवा.

६. आत मुंग्या, झुरळं, पालीची अंडी आहेत का तेही बघा. टीव्ही स्टँडबायवर असला तरी आत ऊब राहते, म्हणून जीव तिथे आसरा घेतात. पाल दोन टोकांमध्ये अडकली की बोर्डही जातो आणि तिचा जीवही जातो. मुंग्या असतील तर झाकण उघडं ठेवून त्यांना निघून जाऊ द्या. औषध फवारू नका, बोर्डालाही ते वाईट. पाहून झालं की रात्री टीव्हीचा भिंतीवरचा बटन बंद करायची सवय लावा. वीज वाचते, जीव वाचतो, बोर्डही वाचतो.

७. ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांनी आधी भंगारातल्या जुन्या रेडिओच्या बोर्डावर डाख द्यायचा सराव करा. साधी सोल्डरिंग इस्त्री आणि मीटर मिळून हजाराच्या आत येतात. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, जुनी डबी हातात घेऊन जा. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, आणि अंगावर १०५ अंश लिहिलेलं मागा, ८५ चं नको. पट्टी असलेली बाजू ऋण, ती जुनीच्या जागेवरच आली पाहिजे. उलटी लागली तर फुटते. आणि नवी डबी बसवल्यावर पहिल्यांदा वीज मेकॅनिकसमोरच द्या.

८. पावसाळ्यात आकाश कडाडायला लागण्याआधीच प्लग काढा, आणि नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची वायरसुद्धा काढा. आपल्या विदर्भात वीज पडण्याचं प्रमाण कमी नाही, आणि ती वायर थेट गच्चीवरून मेन बोर्डात येते. टीव्हीच्या मागे चार बोटं मोकळी जागा ठेवा, शोकेसची मागची फळी कापून टाका.

पडदा खरोखर फुटला असेल तर मात्र हट्ट करू नका. तिथे दुरुस्ती परवडत नाही. पण त्या टीव्हीचे बोर्ड चांगले असतात, ते मेकॅनिकला द्या. त्यावर दुसऱ्या कोणाचा टीव्ही उभा राहतो.

मेकॅनिकला जगवा

आपल्या शहरातले टीव्ही दुरुस्त करणारे आता साठीला आले. त्यांची मुलं डिलिव्हरीच्या कामाला लागली, कारण दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाईकं येतात आणि तीही मजुरीवरून वाद घालतात. हजाराचा पिझ्झा मागवताना आपण वाद घालत नाही, मग तीस वर्षांच्या हाताला सहाशे देताना का? १९८७ साली रामायण लागलं तेव्हा रविवारी सकाळी हाच माणूस देवासारखा वाटायचा! तो गेला की दुरुस्तीचा हक्क कायद्यात मिळूनही उपयोग नाही, दुरुस्त करणार कोण?

म्हणून आपल्या मंडळांना माझी मागणी आहे. चातुर्मासात एक हाऊजीचा कार्यक्रम कमी करा. त्या दुपारी समाजभवनात मेकॅनिकला बोलवा, त्याला योग्य मानधन द्या, आणि बंद टीव्ही, मिक्सर, पंखे तपासून घ्या. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली एका बाईने असंच "रिपेअर कॅफे" सुरू केलं, आज ते कितीतरी देशांत आहे. बंगळुरूतही सुरू झालं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो. "मुलीला काय करायचं ते" असं म्हणण्याआधी तिला एकदा विचारून बघा.

आणि पुढच्या वेळी टीव्ही घ्यायला गेलात तर पडद्याचे इंच विचारायच्या आधी चार प्रश्न विचारा. या मॉडेलचा बोर्ड किती वर्षं मिळेल? पॉवर बोर्डाची आणि मेन बोर्डाची आजची किंमत किती? सर्व्हिस सेंटर नागपुरातच आहे का? आणि हे सगळं बिलावर लिहून देता का? विक्रेता हसेल. हसू द्या. दहा बायकांनी विचारलं की तो मॅनेजरला विचारेल. शंभर जणींनी विचारलं की मॅनेजर कंपनीला विचारेल. भाग नाकारला तर लेखी कारण मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा.

ज्यांच्या घरी आत्ता बंद टीव्ही कोपऱ्यात उभा आहे त्यांनी दिवाळीच्या सफाईची वाट बघू नका. या आठवड्यात टॉर्च लावून बघा, आणि काय दिसलं ते मला कळवा. पुढच्या लेखात मिक्सरच्या मोटरबद्दल लिहीन, त्यातही आपल्याला असंच फसवतात.

जय जिनेंद्र.